बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू जुळवताना

माहेरी सव्वा महिना शेक-शेगडी, मालीश, डिंकाचे लाडू सगळं यथासांग झालं. वजनही बऱ्यापैकी उतरलं. तरी संध्याकाळ झाली की पोट पुढे यायचं, कंबर धरायची आणि गादीवरून सरळ उठायला गेलं की बेंबीच्या वर एक उभा उंचवटा दिसायचा. "पोट घट्ट बांध, बसेल आपोआप," आई म्हणाली. तीन महिने झाले तरी बसेना, तेव्हा डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

त्या बाईंनी मला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले आणि डोकं किंचित उचलायला सांगितलं. मग माझीच बोटं बेंबीवर आडवी ठेवून दाबायला लावली. दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा लागल्या आणि मधे अडीच बोटं सरळ आत गेली. पोटावर पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी 'लिनिया अल्बा' नावाची पट्टी गरोदरपणात ताणली जाते, याला डायस्टॅसिस म्हणतात, असं त्यांनी समजावलं. शेवटच्या महिन्यांत हे बहुतेक सगळ्याच बायकांचं होतं. नॉर्वेतल्या एका अभ्यासाबद्दलही (तो 2016 साली प्रसिद्ध झाला) त्यांनी सांगितलं. त्यातल्या 300 पहिलटकरणींपैकी सहा आठवड्यांनी 60 टक्के आणि वर्षानंतरही जवळपास एक तृतीयांश जणींना ही फट होती. ते ऐकून मला केवढा धीर आला! तोवर वाटत होतं, माझ्याच अंगात काहीतरी कमी आहे.

पहिले काही आठवडे व्यायाम म्हणजे फक्त श्वास. उताणं झोपायचं, गुडघे वर, हात ओटीपोटावर. श्वास घेताना फासळ्या दोन्ही बाजूंना फुलू द्यायच्या. सोडताना आधी लघवी रोखल्यासारखं खालून हलकंच वर ओढायचं, मग ओटीपोट आत घ्यायचं. पाठ जमिनीवर दाबायची नाही, दम कोंडायचा नाही. बघायला काहीच नाही, पण सगळ्यात अवघड हेच. पोटाचा सर्वांत आतला स्नायू कंबरेभोवती आडवा असतो. तो जागा झाला की बोटांखाली हळूच ताण येतो. तो मला पहिल्यांदा जाणवला तेव्हा बाळ शेजारी झोपलेलं होतं आणि मी एकटीच हसले.

ते जमल्यावर श्वास सोडत एक टाच सतरंजीवरून लांब सरकवायची आणि परत आणायची. पुढे कंबर उचलायची, मग एक पाय हवेत. एकच अट होती, मधोमध उंचवटा आला की तिथेच थांबायचं आणि आधीच्या पायरीवर यायचं. सुरुवातीला क्रंचेस (उताणं झोपून डोकं-खांदे उचलणं) आणि प्लँक (हात आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ पेलून धरणं) पूर्ण बंद, कारण त्यांचा दाब नेमका त्या ताणलेल्या पट्टीवर येतो.

खरा फरक मात्र दिवसभराच्या कामांनी पडला, असं माझं ठाम मत आहे. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या आधाराने बसायचं. बाळाला, पाण्याच्या बादलीला, कुकरला हात घालायच्या आधी श्वास सोडायला लागायचं. शौचाला कुंथायचं नाही, पायाखाली छोटा पाट घ्यायचा. बाळंतिणीला कुणी हे सांगत नाही, आणि उचलणं-ठेवणं तर तिलाच करावं लागतं. पोट बांधायच्या पट्ट्याला फिजिओथेरपिस्ट बाईंनी विरोध केला नाही. सुरुवातीला आधार म्हणून चालेल, पण स्नायूचं काम तो करणार नाही, एवढंच म्हणाल्या. आईला हे पटलं आणि पुढे तीच मला विचारायची, "श्वास सोडलास का गं?"

आता बाळ वर्षाचं होत आलंय. फट दीड बोटावर आलीय, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की बोट आता आत बुडत नाही, खाली घट्ट लागतं. फट पूर्ण मिटली नाही तरी ताण परत येणं महत्त्वाचं, असं बाईंचं म्हणणं आहे. कंबर धरत नाही. सध्या भिंतीला हात टेकून प्लँक चालू आहे, जमिनीवरचा पुढच्या तपासणीनंतर.

सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय सुरुवात करू नका. आणि बेंबीपाशी गाठ येऊन दुखत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी दाखवून घ्या, तो हर्निया असू शकतो.