बगॅसच्या कार्बनवर उमटलेले प्लॅटिनम

गेल्या गळीत हंगामात वाळवा तालुक्यातील एक संशोधक विद्यार्थिनी आपले नमुने घेऊन सांगलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत आली. साखर कारखान्यातील बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, युरियासोबत नायट्रोजनच्या वातावरणात तापवून तिने नत्रयुक्त कार्बन तयार केला होता. त्यात प्लॅटिनम नव्हते, लोह किंवा कोबाल्टही मुद्दाम मिसळलेले नव्हते. तरीही आम्लात ऑक्सिजनचे क्षपण घडवण्याची, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देण्याची, त्याची क्षमता विद्युत विभव (व्होल्टमधली पातळी) वरखाली करण्याच्या प्रत्येक आवर्तनागणिक वाढत असल्याचे तिचे आलेख सांगत होते. ही मोजमापे तिने दुसऱ्या एका संस्थेत केली होती आणि शोधनिबंध पाठवण्यापूर्वी ती आमच्याकडे एकदा पडताळून घ्यावीत, अशी तिच्या मार्गदर्शकांची इच्छा होती.

हा दावा खरा ठरला असता, तर त्याचे मोल फार मोठे होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज देणाऱ्या इंधन घटात हायड्रोजनचे विघटन प्लॅटिनमवर झटपट होते. खरी अडचण दुसऱ्या बाजूला, ऑक्सिजनपाशी असते. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन मिळून त्याचे पाणी व्हायचे, आणि त्यासाठी दोन ऑक्सिजन अणूंमधला मजबूत बंध तुटायला हवा. हा मार्ग अर्ध्यावर सुटला, म्हणजे दोनच इलेक्ट्रॉन मिळाले, तर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते घटाच्या दोन बाजूंमधल्या पटलाची हानी करते. 25 अंश सेल्सिअसला या अभिक्रियेचे सैद्धांतिक विभव 1.23 व्होल्ट आहे. प्रत्यक्षात उत्तम प्लॅटिनमवरही उपयुक्त प्रवाह मिळायला लागतो तो सुमारे 0.3 व्होल्ट गमावल्यावर. याचे कारण असे की, प्लॅटिनम अभिक्रियेच्या मधल्या टप्प्यांवर बनणाऱ्या ऑक्सिजनयुक्त मध्यस्थांना किंचित जास्तच घट्ट धरून ठेवते. ही पकड थोडी सैल करण्यासाठी निकेल किंवा कोबाल्टसोबत मिश्रधातू करतात. 2007 साली प्लॅटिनम-निकेलच्या एका विशिष्ट स्फटिकपृष्ठाची सक्रियता त्याच प्रकारच्या शुद्ध प्लॅटिनमपृष्ठाच्या दहापट आढळली होती. परंतु या सर्व प्रयत्नांत धातू प्लॅटिनमच राहतो, आणि जगातील सुमारे 70 टक्के प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. म्हणूनच आपल्या उसाच्या चिपाडातून, धातूविना, आम्लात टिकणारा उत्प्रेरक मिळतो म्हटल्यावर ऐकणाऱ्याने सावध व्हावे आणि उत्सुकही व्हावे. मी त्या सकाळी दोन्ही होतो.

तिची मांडणी आम्ही आधी जशीच्या तशी उभी केली. 0.1 मोलर परक्लोरिक आम्ल, ऑक्सिजनने संपृक्त. पाच मिलिमीटर व्यासाच्या काचसदृश कार्बनच्या चकतीवर तिच्या भुकटीचा पातळ थर, चकतीची गती मिनिटाला 1600 फेरे, आणि प्रवाह पूर्ण करणारा काउंटर इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमची तार. ही तार पाठ्यपुस्तकातही असते आणि बहुतेक प्रयोगशाळांतही, त्यामुळे तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. दुपारपर्यंत आवर्तने चालू राहिली आणि तिने सांगितले होते तसेच घडले. आलेख हळूहळू, पण निश्चितपणे, अधिक विभवाकडे, म्हणजे वाढत्या सक्रियतेकडे, सरकत गेला.

“सर, पृष्ठभाग हळूहळू सक्रिय होत असेल ना?” तिने विचारले. शक्यता नाकारण्याजोगी नव्हती. सच्छिद्र कार्बन भिजत जातो, तशी त्याची आतली जागा कामाला लागते. मी म्हटले, “असेलही; पण आधी ऑक्सिजन घालवू आणि थर एकटा काय सांगतो ते पाहू.” द्रावणातून नायट्रोजन सोडून आम्ही पुन्हा आवर्तन घेतले. कार्बनचा आलेख अशा वेळी रुंद आणि जवळजवळ निर्विकार असायला हवा. आमच्या आलेखावर मात्र 0.05 ते 0.35 व्होल्टच्या पट्ट्यात लहान उंचवटे होते आणि 0.8 व्होल्टच्या खाली एक उथळ दरी होती. हायड्रोजन अणू प्लॅटिनमवर बसतात-उठतात ते या पट्ट्यात, आणि प्लॅटिनमवरचा ऑक्साइडचा थर सुटतो तो त्या दरीत. तिने दोन्हींकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “सर, हे तर प्लॅटिनम आहे.”

ते आले कुठून, हे शोधायला तर्क पुरेसा होता, पण मला पुरावा हवा होता. थरात घेतलेला कार्बन मोठ्या पृष्ठफळाचा असल्याने विभव वरखाली करताना बराच प्रवाह लागतो, आणि तो सगळा त्या तारेतून जातो. त्यामुळे तारेचे विभव प्रत्येक आवर्तनात खूप वर जाते, तिच्यावर ऑक्साइड बनते आणि परत सुटते. या दोन्ही हालचालींत प्लॅटिनमचे अणू आयन होऊन द्रावणात उतरतात. पुढे ते कार्बनच्या थरावर, जिथे विभव कमी आहे, तिथे धातू होऊन बसतात. आम्ही तिच्या भुकटीऐवजी बाजारात मिळणारी साधी काजळी घेतली, जिच्यात नत्रही नव्हते, आणि प्लॅटिनमची तार तशीच ठेवली. संध्याकाळी तीही काजळी “सक्रिय” झालेली दिसली. मग तार काढून तिथे ग्रॅफाइटची कांडी लावली आणि बगॅसच्या कार्बनचा ताजा थर घेतला. आवर्तनांमागून आवर्तने गेली, आलेख होता तिथेच राहिला.

मला या दिवशी सर्वाधिक विस्मय वाटला तो परिमाणाचा. अशा चकतीवर चांगल्या उत्प्रेरकाची चाचणी घेतानाही प्रति चौरस सेंटीमीटर साधारण 20 मायक्रोग्रॅम प्लॅटिनम, म्हणजे पूर्ण चकतीवर सुमारे चार मायक्रोग्रॅम, पुरते. त्याच्या काही अंशाने जरी धातू चुकून बसला, तरी निष्प्रभ कार्बनचा आलेख ओळखू न येण्याइतका बदलतो. सच्छिद्र काचेची चकती मध्ये घालून तार वेगळ्या कप्प्यात ठेवली, तर आयनांचा प्रवास मंदावतो, पण थांबतोच असे नाही.

आणि गाडीतल्या इंधन घटाचे दुखणेही हेच आहे. प्लॅटिनम विरघळण्याचे मानक विभव 1.19 व्होल्ट आहे, पण विभव वरखाली होत राहिले तर त्याच्या बरेच खालीही धातू झिजतो. चालू-बंद करताना तर काही क्षण ऑक्सिजनकडील विभव 1.4 व्होल्टच्या आसपास जाऊ शकते. लहान कणांतून सुटलेले आयन मोठ्या कणांवर बसतात, काही पटलात शिरून पलीकडच्या बाजूने येणाऱ्या हायड्रोजनमुळे धातूचा पट्टा बनवतात, आणि तिथे ते कामाचे राहत नाहीत. तिच्या प्रयोगात प्लॅटिनमने चुकीच्या जागी जाऊन कार्बनला श्रेय दिले. घटात ते योग्य जागा सोडून जाते.

तिला हे सांगताना मी काही कमी केले नाही, कारण तिच्या कामाला अशी सौम्यता लागणार नव्हती. ग्रॅफाइटसह, क्षारीय द्रावणात, म्हणजे 0.1 मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, तिचा कार्बन खरोखरच ऑक्सिजनचे क्षपण करतो; नत्रयुक्त कार्बनकडून तिथे तशीच अपेक्षा असते. आम्लातील दावा तिने निबंधातून काढला, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आलेख शेजारी छापायचे ठरवले, आणि आमच्या टेबलावर त्या तारेची जागा आता ग्रॅफाइटने घेतली आहे.