प्रोटॉन जोरात मारतंय काय?

कॅन्सरच्या गाठीवर सोडतात तो प्रोटॉन कणांचा झोत जोरात मारत नाही. एवढं वाक्य निपाणीच्या दाजींना पटवायला माझा अख्खा रविवार गेला.

त्यांच्या थोरल्या भावाला, आण्णांना, घशाचा कॅन्सर आहे. बेळगावात शेक, म्हणजे एक्स-रेचं रेडिएशन, चालू आहेत: एकूण ३५, रोज २ ग्रे (ग्रे हे डोसचं माप), शनिवार-रविवार सुट्टी. मी याच कामातला फिजिसिस्ट. डॉक्टर डोस लिहितात, तो शरीरात कुठं किती पडेल याचा हिशेब आम्ही मांडतो. त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच आला. ‘खारघरला प्रोटॉन आलंय म्हणं. ते हिकडल्या मशीनपेक्षा जोरात मारत असलं तर रान इकतो आणि नेतो.’

तेवढ्याच डोसला प्रोटॉनचा परिणाम एक्स-रेच्या १.१ पट धरतात. बस्स. त्याचं खरं बळ थांबण्यात आहे: ठरल्या खोलीवर ऊर्जा टाकून तो संपतो, मागच्या अवयवाला जवळपास काही लागत नाही. लहान मुलं, कवटीच्या तळाच्या गाठी, तिथं ते मोलाचं. आण्णांच्या गाठीतल्या पेशी जास्त मरतील म्हणून रान विकायचं, तर नको.

प्रोटॉनसारखाच कार्बनच्या जड कणांचाही झोत सोडतात, त्याचं मात्र वेगळं आहे. १ ग्रे एक्स-रेनं पेशीच्या डीएनएत हजारेक ठिकाणी एकेरी धागा तुटतो, दोन्ही धागे तुटतात ते ३०-४० ठिकाणी, आणि पेशी त्यातलं बहुतेक सांधून घेते. कार्बन म्हणजे खानापूरच्या भातातून गेलेला गवा. गेला त्या वाटेवरचं सगळं आडवं. तसली तूट सांधणं अवघड. ऑक्सिजन नसलेल्या पेशी एक्स-रेला २.५ ते ३ पट डोस मागतात. कार्बनपुढे त्यांचा हा टणकपणा बराच कमी पडतो. म्हणून कार्बनला एकच आकडा चालत नाही. दोन-तीन पट म्हणतात, पण तोही पेशीची जात, खोली, रोजचा डोस यांप्रमाणे हलतो. तो आधी वर्तवायला जपाननं एक गणित घेतलं, जर्मनीनं दुसरं. आता जपानातल्या चिबाचा डोस आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गचा डोस कागदावर सारखे दिसले, तरी रूपांतर केल्याशिवाय तुलना करता येत नाही!

मला धास्ती वाटते ती आपल्या साध्या एक्स-रेच्या भाकिताची. पक आणि मार्कस या शास्त्रज्ञांनी १९५६ साली हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर एक्स-रे सोडून किती जगतात याचा आलेख काढला, तेव्हापासून ताटलीतल्या पेशींचं गणित छान बसतं. त्यात दोन अंक लागतात: अल्फाला डोसनं गुणायचं, बीटाला डोसच्या वर्गानं, आणि बेरीज जितकी मोठी तितक्या कमी पेशी उरतात. अल्फा ०.३ आणि बीटा ०.०३ धरा. २ ग्रेनंतर ४९ टक्के पेशी उरतात. असं ३५ वेळा केलं, तर शंभर कोटी पेशींतली एकही उरायला नको. आता अंक ०.२ आणि ०.०२ करा. दोघांचं गुणोत्तर तेच, १०, जे घशाच्या गाठींना सर्रास वापरतात. रोज ६२ टक्के उरतात. फरक किरकोळ वाटतो ना? शेवटी पन्नासेक पेशी जिवंत राहतात. आण्णांचा अल्फा यातला कुठला, हे बायोप्सीच्या रिपोर्टात लिहून येत नाही. जनुकांवरून तो ताडायचे प्रयत्न चालू आहेत. त्यांच्याकडे मी प्रोटॉनपेक्षा जास्त आशेनं बघतो.

एक गोष्ट मात्र आधीपासून माहीत आहे. चौथ्या आठवड्याच्या आसपास या गाठीतल्या उरलेल्या पेशी भराभर वाढायला लागतात, आणि मग उपचार एक दिवस लांबला की सुमारे ०.६ ग्रेची कमाई वाया जाते. इकडे सीमेवर काही पेटलं की एसटी बंद, चंदगड-गडहिंग्लजचे पेशंट घरी अडकलेले. निपाणीकरांना तो त्रास नाही, पण हायवेवर रास्ता रोको झाला की त्यांचंही तेच.

दाजींना म्हटलं, रान राहू द्या. गडबडीची चिन्हं दिसली की आदल्या रात्रीच आण्णांना टिळकवाडीला माझ्याकडे मुक्कामाला आणा. तरीही एखादा शेक चुकलाच तर डॉक्टरांशी बोलून शनिवारी घेता येतो, नाहीतर एकाच दिवशी दोन, मध्ये निदान ६ तास सोडून.