तीन आण्यांचे एकोणीस

सामान्य ज्ञान म्हटलं की आताची पोरं देशांच्या राजधान्या सांगतात. आमच्या लहानपणी, अमळनेरकडच्या खेड्यात, या विषयाची परीक्षा किराणा दुकानात व्हायची आणि अंगठा उठवणाऱ्या आज्या तिथे भल्याभल्यांना मागे टाकायच्या.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. शाळेत पावकी, निमकी, दीडकी, औटकी घोकून घ्यायचे ते हौसेनं नव्हे. साडेतीन आणे शेराचा जिन्नस अडीच शेर घ्यायचा तर औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, तोंडावर असावाच लागे. मी अजून तो धडाधडा म्हणतो. नातवंडं मोबाइलवर पडताळून बघतात, एवढाच काय तो अपमान.

मग १ एप्रिल १९५७ उजाडला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सोळाला शंभरात बसवायचं म्हणजे आण्याचे सव्वासहा, आणि पाव पैसा काही टांकसाळीत पडत नव्हता. म्हणून सरकारी कोष्टक निघालं: एक आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. दुकानदारानं ते गल्ल्याच्या वर चिकटवलं. आजीनं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि तिच्या लगेच ध्यानात आलं की एक-एक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरातच भागतं. झालं! हळद एका खेपेला, जिरं दुसऱ्या, काडेपेटी तिसऱ्या. पाय माझे आणि नफा तिचा. दुकानदार शेवटी म्हणाला, "पोराची चप्पल झिजते, ती धर ना हिशोबात!" आजीचं उत्तर तयार होतं, "त्याले चप्पलच नही!" ते खरंच होतं.

पुढच्या तीन-चार वर्षांत राज्य बदललं, आमच्या पूर्व खानदेश जिल्ह्याचं नाव जळगाव झालं. त्यानं घरात कुणाचं काही अडलं नाही. अडायचं ते मापापाशी.

कारण धान्य तोलायचं नसे, मोजायचं असे. चार शेरांची पायली. खळ्यावर मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. पायली शिगेची की सपाट हे आधी ठरवून घ्यावं लागे. शिगेची म्हणजे वर टोक येईपर्यंत भरलेली, दाणे काठावरून घरंगळायला लागले की थांबायचं. सपाट म्हणजे काठावरून हात फिरवलेली. शेजारून उसनी ज्वारी सपाट मापानं आणायची आणि फेडताना शिगेनं द्यायची, अशी आमच्याकडची रीत. व्याज म्हणा की माणुसकी. कळण्याच्या भाकरीचं दळणही याच पायलीनं निघे: चार पायली ज्वारी, एक पायली उडीद आणि खडेमीठ अंदाजानं. तो अंदाज मात्र कुठल्याच कोष्टकात सापडायचा नाही. आईचा आणि काकूचा वेगळा होता, आणि कोणाची भाकरी खारट यावरून दोघींचं कधी पटलं नाही.

१९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं किलो आला. तोलायचा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोत शेरापेक्षा ६७ ग्रॅम जास्त. तरी किलोचा भाव ऐकून बायका म्हणायच्या, महागाई झाली.

जुनी मापं गेली म्हणतात, पण इतकी सहज जातात होय? रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव आजही खंडीवर बोलला जातो आणि ती खंडी ३५६ किलोची, म्हणजे इंग्रजी ७८४ पौंडांची. चार आणे, आठ आणे तर पंचवीस आणि पन्नास पैशांच्या नाण्यांवर बसून कितीतरी वर्षं चालले.

सगळ्यात मजा तोळ्याची. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आता सराफाकडे तोळा म्हटलं की दहा ग्रॅम. मध्यंतरी धाकट्या सुनेनं आजीची पाच तोळ्यांची पोत जळगावला वजनाला नेली. काटा ५७ ग्रॅमच्या वर गेला. सून घरी आली ती हरखूनच, म्हणाली, "पणजेसासूबाईंनी पाच सांगून जवळजवळ सहा ठेवलंय!" मी तिला जुना तोळा समजावून सांगितला, पाच तोळ्यांचे ५८ ग्रॅम कसे होतात ते कागदावर मांडूनही दाखवलं. तिनं कागद नीट पाहिला आणि विचारलं, "मग वरचा एक ग्रॅम कुठे गेला?"