मैत्री सापडेना

गेल्या पावसाळ्यात एक भन्ते दुकानात आले. मूळचे श्रीलंकेचे, पण नागपुरात बऱ्याच वर्षांचं येणं-जाणं, त्यामुळे मराठी कामापुरतं येतं. पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हणाले, चाळीस पानांची पुस्तिका करायची आहे. डावीकडे सिंहली, उजवीकडे मराठी, शेवटी शब्दसूची. मला सिंहली वाचता येत नाही. पण कृतिदेव या जुन्या फॉन्टच्या जमान्यापासून अक्षरं जुळवतोय. पानावर काही चुकलं असेल तर न वाचताही दिसतं, असा माझा समज होता.

सूची करायला घेतली आणि अडलो. भन्ते म्हणाले, सिंहली मजकुरात 'मैत्री' निदान दहा ठिकाणी आहे. सर्च तीनच दाखवी. प्रिंट काढून शब्द शेजारी शेजारी धरले, चष्मा पुसून पाहिलं. हुबेहूब! त्याचंच पाली रूप 'मेत्ता' मात्र जिथे होतं तिथे बिनबोभाट सापडत होतं.

सिंहलीत 'ए'च्या मात्रेला कोंबुव म्हणतात. छोटीशी गुंडाळी, व्यंजनाच्या डावीकडे बसते, आपल्या पहिल्या वेलांटीसारखी. पालीतल्या 'मेत्ता'ला एक कोंबुव, संस्कृतातून आलेल्या 'मैत्री'ला दोन, शेजारी शेजारी. त्या जोडीचं नावच 'कोंबु देक'. देक म्हणजे दोन. आपली एक मात्रा, दोन मात्रा, तसंच. (बाकीच्या कित्येक खुणांच्या नावात 'पिल्ल' येतं: ॲलपिल्ल, इस्पिल्ल, पापिल्ल. मराठीत पिल्लू म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा भन्ते खूप हसले.)

शेवटी वर्डमध्ये 'मै' आणि 'त्री'च्या मधे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं; त्याने कर्सरच्या आधीच्या खुणेच्या जागी तिचा कोड दिसतो. सापडणाऱ्या शब्दातल्या दोन्ही गुंडाळ्या एकदम गेल्या आणि '०डीडीबी' हा कोड उमटला. न सापडणाऱ्या शब्दात '०डीडी९' उमटला आणि एक गुंडाळी 'म'च्या डावीकडे तशीच उभी! म्हणजे एके ठिकाणी 'ऐ'ची एक अख्खी खूण, दुसरीकडे 'ए'च्या दोन सुट्या.

हे कसं झालं असेल ते कळायला मला वेळ लागला नाही. कृतिदेवमध्ये आधी एफ दाबायचा, पहिली वेलांटी येते, मग अक्षर. सिंहलीच्या विजेसेकर कीबोर्डवर कोंबुवही एफवरच आहे, आणि तोही अक्षराआधीच दाबायचा. 'ऐ' हवा तर एफ, एफ, मग अक्षर. जुन्या फॉन्टमध्ये ते ठीक होतं, तिथे नुसती चित्रंच मांडायची असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक खुणेला ठरलेला कोड देणाऱ्या आजच्या पद्धतीत, मात्रा दिसते डावीकडे, पण साठवली जाते व्यंजनानंतर. भन्तेंच्या मजकुराचा काही भाग जुन्या फॉन्टमधला होता, तो कुणीतरी कन्व्हर्टरमधून काढला होता. कन्व्हर्टरने दोन्ही एफ इमानदारीत अक्षरामागे नेले आणि जोडायचे राहून गेले.

बरं, युनिकोड हे सांभाळून घेत नाही का? 'ओ'च्या बाबतीत घेतं. कोंबुव अधिक ॲलपिल्ल (त्यांचा काना) सुटे टाका नाहीतर 'ओ'ची तयार खूण टाका, दोन्ही एकच मानायची असा नियम सिंहली युनिकोडमध्ये आली तेव्हापासून, म्हणजे १९९९ च्या ३.० आवृत्तीपासून आहे. 'औ'लाही आहे. दोन कोंबुव आणि कोंबु देक यांच्यात मात्र असं नातं लावलेलंच नाही. आता लावताही येत नाही, कारण एकदा ठरलेल्या अक्षरांची ही समीकरणं बदलायची नाहीत हे युनिकोडने बांधून घेतलंय.

मला आधी राग आला. मग पाहिलं तर आपल्या 'ऐ'चंही तेच: दोन सुट्या मात्रा म्हणजे 'ऐ'ची मात्रा नव्हे. पण आपल्याकडे असं टाइप केलं तर एकीवर एक चढते किंवा मधे ठिपक्यांचं वर्तुळ येतं, आणि प्रूफ वाचणारा लाल पेनने गोल करतो. सिंहलीत दोन्ही गुंडाळ्या नीट शेजारी बसतात. चुकीचं आणि बरोबर यांचं छापील रूप एकच. तिथे प्रूफ वाचणारा काय करणार, बिचारा!

दोन कोंबुव शोधा, कोंबु देक घाला. ६२ जागा बदलल्या, त्यात 'वैद्य'ही बरेच निघाले. सूची पुन्हा काढली. 'मैत्री'पुढे अकरा पानांचे आकडे आले.

भन्ते बोटाने मोजत गेले. "मी दहा म्हणालो होतो," एवढंच म्हणाले, आणि अकरावी कुठली ते बघायला पानं उलटू लागले.