पाचगणीच्या निवासी शाळा: भर पावसातली एक फेरी आणि फीचा हिशेब

कन्येला पुढील जूनपासून सहावीसाठी निवासी शाळेत घालावयाचे, असे घरात ठरल्यावर जुलैमधल्या एका मंगळवारी आम्ही तिघे सकाळी सहाला कोथरूडहून पाचगणीला निघालो. परिचितांनी ‘ऑक्टोबरात जा, हवा छान असते’ असा सल्ला दिला होता. पण हवा छान असताना प्रत्येकच शाळा छान दिसते, असे वाटल्याने मी मुद्दाम पावसाळा निवडला आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. नवले पुलावरची कोंडी टाळायची असेल तर सातच्या आत कात्रजच्या पुढे असावे. खेड शिवापूरचा टोल, शिरवळ, खंबाटकीचा घाट आणि सुरूर फाट्यावरून वाई असा सरळ मार्ग आहे. वाईच्या पुढे पसरणीच्या घाटात धुके इतके दाट होते की पुढच्या एसटीचे दिवे तेवढे दिसत होते. गाडी नसलेल्यांना स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणारी एसटी पाचगणीत सोडते. पुढे मूल तिथे राहिले की भेटीच्या प्रत्येक रविवारी हाच प्रवास करावा लागणार असल्यामुळे तो एकदा एसटीने करून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ मधले, किमिन्स १८९८ मधले आणि संजीवन विद्यालय १९२२ मधले. एवढ्या जुन्या परंपरेमुळे गावाच्या नावालाच एक वजन आहे आणि नव्या शाळांनाही त्याचा आपसूक लाभ मिळतो. आम्ही दोन शाळा पाहिल्या. पुढे तक्रारीचे मुद्दे येणार असल्याने त्यांची नावे देत नाही.

पहिल्या शाळेत स्वागतकक्ष, संगणक कक्ष आणि तरणतलाव दाखवून झाल्यावर मी कपडे वाळवण्याची खोली पाहण्याची विनंती केली. ‘ती दाखवण्यासारखी नाही,’ असे नम्रपणे सांगण्यात आले. दुसऱ्या शाळेत मात्र अधीक्षिकाबाई स्वतः घेऊन गेल्या. लांबट खोली, छताला आडव्या तारा, कोपऱ्यात हीटर आणि प्रत्येक मोज्याला शिवलेला कापडी नंबर. वास ओल्या लोकरीचा होता, पण कुबट नव्हता. तिथे आपले कपडे शोधणारी आठवीतली एक मुलगी माझ्या मुलीला म्हणाली, ‘‘मोज्यांचे सहा जोड तरी आण. वाळायला तीन-तीन दिवस लागतात.’’ शाळेने दिलेल्या सामानाच्या यादीत तीनच जोड लिहिले होते. आजारी मुलांची खोली, रात्री तिथे कोण झोपते आणि ताप उतरला नाही तर मुलाला कोठे नेतात, हेही त्याच बाईंना विचारले; उत्तरे अडखळत आली नाहीत.

आता फीविषयी. दुसऱ्या शाळेच्या माहितीपत्रकावर वार्षिक ४,८०,००० रुपये छापलेले होते. कार्यालयात एकेक बाब विचारत गेलो, तेव्हा प्रवेश शुल्क ५०,०००, परतीची अनामत ६०,०००, किरकोळ खर्चाची आगाऊ ठेव २५,००० आणि गणवेश, गादी, ट्रंक मिळून साधारण २०,००० अशी भर पडून पहिल्या वर्षाचा आकडा ६,३५,००० वर गेला. यात येण्याजाण्याचा खर्च धरलेला नाही. खरी मेख पुढच्या वर्षांत असते. दरवर्षी दहा टक्के वाढ धरली तर दहावीच्या वर्षी मूळ फीच सात लाखांच्या वर जाते आणि पाच वर्षांची बेरीज चोवीसऐवजी सव्वाएकोणतीस लाखांच्या घरात पोहोचते. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवण्याची तरतूद असल्यामुळे मागील वर्षांत किती वाढ मंजूर झाली, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

पहिल्या शाळेत ‘इमारत निधी’साठी स्वेच्छेची म्हणून एक रक्कम सुचवण्यात आली आणि तिच्या पावतीचा विषय निघताच संभाषण हवापाण्याकडे वळले. प्रवेशासाठी देणगी घेण्यास राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. आम्ही तिथूनच उठलो, मात्र अर्जापोटी भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून शाळा पाहण्याआधी अर्ज भरू नये.

हप्त्यांची सोय दोन्हीकडे होती. ती शाळा स्वतः देते की एखादी वित्तसंस्था, हे नीट वाचावे. वित्तसंस्था असेल तर ते पालकाच्या नावावरचे कर्ज असते, शाळा सुटली तरी ते आपोआप सुटत नाही आणि ‘बिनव्याजी’ या शब्दामागे प्रक्रिया शुल्क दडलेले असू शकते. आम्ही बँकेत आवर्ती ठेव सुरू केली आहे. पावतीवर शिक्षण शुल्क वेगळे दाखवून घ्यावे, कारण जुन्या करप्रणालीतील दीड लाखांपर्यंतच्या वजावटीत तेवढेच धरले जाते. वसतिगृह, भोजन आणि देणगी धरली जात नाही.

परतताना खंबाटकीचा बोगदा लागतो, त्यामुळे घाट चढावा लागत नाही. तरी वाईतच जेवून तीनच्या आत निघावे, नाहीतर कात्रजला संध्याकाळची गर्दी गाठते.

घरी आल्यावर दुसऱ्या शाळेला पत्र लिहून तीन गोष्टी लेखी मागितल्या: फीच्या सर्व बाबी, अनामत किती दिवसांत परत मिळेल, आणि वर्षाच्या मध्ये मूल काढल्यास किती रक्कम कापली जाईल. नवव्या दिवशी उत्तर आले. मूल काढावयाचे झाल्यास एक पूर्ण सत्र आधी लेखी कळवावे लागेल, अन्यथा अनामत जप्त होईल, ही अट त्यात होती. माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नव्हता. अट कडक आहे, पण आता ती आम्हाला ठाऊक आहे, म्हणून प्रवेश शुल्क भरले. अनामत भरण्याची मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे, तोवर ती भरणार नाही.