भाकरीचे दुसरे मानकरी

कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत पानात पडलं की जेवणारा समजतो, हे सगळं आपल्या एकट्यासाठी. पण आत मोठी पंगत बसलेली असते. साधारण 38 लाख कोटी जिवाणू, बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांना वाढलं जातं सगळ्यात शेवटी. वरच्या आतड्यात जे पचलं नाही, ते त्यांच्या वाट्याला.

चार वाट्या ज्वारी, वाटीभर सालासकट उडीद आणि मीठ एकत्र दळलं की कळणं तयार. उडदातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्या पोटात नसतंच. खालची मंडळी त्या आंबवतात, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि चारचौघांत अवघडायला होतं. उडदाला वातूळ म्हणतात ते यामुळे. पण कोंडा-साल आंबवतानाच ब्युटिरेट नावाचं छोटं स्निग्धाम्लही तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराचं तेच मुख्य इंधन. पाव-बिस्किटांवर जगणाऱ्याने एकदम दोन्ही वेळा कळणं सुरू केलं तर पोटाचा नगारा होणारच. पहिला आठवडा अर्धी भाकरी, मग एक, आणि पाणी भरपूर.

शिळ्या भाकरीची गंमत वेगळी. भाकरी गार होताना तिच्यातला थोडा स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि न पचता खाली उतरतो. सकाळी ती ताकात कुस्करून वर कच्चा कांदा घेतला, तर कांद्यातलं इन्युलिन, म्हणजे आपल्याला न पचणारा तंतू, तोही जिवाणूंनाच. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हाळ्यात मात्र आधी वास घ्यावा. चिकट, आंबूस लागली तर सरळ टाकावी. रावेर-यावलच्या हिरव्या केळीतही असा स्टार्च भरपूर, पण केळ पिकलं की त्याची साखर होते, शिजवलं तरी बराचसा जातो.

आता वजन. 2006 साली अमेरिकेत सेंट लुईसला लठ्ठ उंदरांचे जिवाणू जंतूरहित उंदरांत सोडले, तर सडपातळांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या अंगावर चरबी जास्त चढली. माणसांत हे इतकं सोपं निघालं नाही. सडपातळ दात्यांचे जिवाणू लठ्ठ लोकांना देऊन झालेल्या छोट्या चाचण्यांत वजनाचा काटा फारसा हललाच नाही. ‘जिवाणू घ्या, बारीक व्हा’ म्हणणाऱ्या पुड्यांना म्हणूनच हात आखडता बरा.

शेवभाजीवर तरंगणारं तेल तर या जिवाणूंपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. ते वरच शोषलं जातं, मोठ्या चमच्याला 120 कॅलरी या हिशोबाने.