चालकाशी बोलू नये

५ डिसेंबर, रात्री दीड. न्यूझीलंड, आओराकी डोंगराच्या पायथ्याशी, व्हाइट हॉर्स हिलच्या तळावर

हे झोपलेत. मला झोप नाही, म्हणून ओट्यावरचा छोटा दिवा लावून लिहायला बसले आहे. ओटा म्हणजे दोन हात लांबीची फळी, एका बाजूला शेगडी आणि दुसऱ्या बाजूला वाटीएवढं सिंक. पुढचे तीन महिने हाच माझा ओटा, हेच माझं घर.

ही राहायची-झोपायची सोय असलेली गाडी २ तारखेला क्राइस्टचर्चला ताब्यात घेतली. पहिली रात्र लेकीच्या दारातच गाडीत झोपून काढली, काही अडलं तर हाकेच्या अंतरावर ती होती. सकाळी निघताना ह्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चारी टायर हाताच्या मुठीने ठोकून पाहिले, मग दार उघडून स्टिअरिंगला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. एकतीस वर्षं एस.टी. चालवली त्यांनी, बहुतेक सगळी कराड आगारातून. रोज सकाळी हेच करत असणार. मला कधी बघायला मिळालं नव्हतं. मी त्या वेळी शाळेची घाई आणि सासूबाईंचं औषधपाणी यांत असायची.

मग हे बसले, पट्टा लावला, इंजिन सुरू केलं, आणि गाडी हलेना. मला वाटलं, काही बिघडलं. विचारलं तर म्हणाले, "बेल व्हायची आहे." मी मागच्या कपाटावर बोटाने दोनदा ठोकलं. तशी गाडी निघाली. दारात उभ्या असलेल्या लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी ती दप्तर घेऊन ह्यांच्या गाडीला डबल बेल द्यायला धावायची.

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी ह्यांच्या गाडीतून एकदाच गेले, १९९४ साली, कराडहून चिपळूणला. चालकाच्या मागचं बाक मिळालं होतं. समोर फक्त ह्यांची मान आणि खाकी शर्टाची कॉलर. वर पाटी, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये'. कुंभार्लीच्या घाटात धुकं होतं. मला खूप सांगावंसं वाटत होतं, तरी पाटी वाचून गप्प बसले. परत कधी जमलं नाही. नंतर सासूबाई आजारी पडल्या, अकरा वर्षं अंथरुणाला होत्या. त्या गेल्या वर्षी गेल्या. मी यंदा मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, आणि लेकीने इकडे या म्हणून हट्टच धरला.

आता मी शेजारच्या सीटवर बसते. पाटी नाही. तरीही पहिले शंभर किलोमीटर हे एक अक्षर बोलले नाहीत. राग नव्हता, काही नव्हतं. सवय. मीही मग नकाशा मांडीवर घेऊन बसले. राकाया नदीचा पूल आला, तो पावणेदोन किलोमीटर लांब आहे, या देशातला सगळ्यात लांब रस्त्याचा पूल. खाली नदी एका पात्रात नाही, दहा-बारा धारांनी वाहते, मध्ये नुसता गोट्यांचा पसारा. वरच्या बर्फाच्या नद्या डोंगर खरवडून एवढा गाळ आणतात की नदीला एक वाट धरून राहताच येत नाही. आमच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. इथे एकच नदी सुटते, जुळते, परत सुटते. हे मी मनातल्या मनातच बोलले.

कराडहून निघण्याआधीची तयारी लिहून ठेवायला हवी, नाहीतर विसरेन. आरटीओतून ह्यांचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला, एक हजार रुपये, वर्षभर चालतो. इथे रस्त्याच्या डाव्या बाजूनेच गाडी हाकतात, हा मोठा दिलासा. लेकीने फोनवर दहा वेळा बजावलं होतं: मध नको, बिया नकोत, फळं नकोत, आणि जे खायचं न्याल ते सगळं लिहून द्या. न सांगता काही सापडलं तर जागेवर चारशे डॉलर दंड. ह्यांनी बुटांचे तळवे दातांच्या ब्रशने घासले, कारण चिखल लागलेला बूटही इथे तपासतात. मी पोळपाट-लाटणं 'लाकडी वस्तू' म्हणून लिहून दिलं. विमानतळावरच्या बाईंनी लाटणं उजेडात धरून, फिरवून फिरवून, किडीचं भोक कुठे आहे का ते बघितलं. आईच्या हातचं लाटणं आहे ते, चाळीस वर्षांचं, मधोमध झिजून बारीक झालेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी परत दिलं. मेतकूट, गोडा मसाला आणि चटणीची बंद पाकिटंही आली सोबत.

गाडीत फोडणी देता येत नाही. मोहरी तडतडली की छताचा धुराचा भोंगा किंचाळतो. म्हणून शेगडी बाहेर काढून, वाऱ्याला आडोसा करून फोडणी देते. उघड्यावर आमटीला वेगळीच चव येते. पोळ्या मात्र आत होतात.

आता संडासाबद्दल. ह्याविषयी कुणी लिहीत नाही, मला लिहायचं आहे. २०२३ च्या कायद्यानुसार इथे मोकळ्या जागी गाडी लावून राहायचं तर गाडीत पक्का बसवलेला संडास लागतो, तसं हिरवं प्रमाणपत्र काचेवर असावं लागतं. त्याची पेटी भरली की बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची आणि ठरलेल्या जागीच रिकामी करून धुवायची. काल टेकापोला पहिली वेळ आली. हे म्हणाले, "तू आत बस, मी करतो." मी म्हटलं, नाही, दोघांनी करायचं. रबरी हातमोजे घातले, ह्यांनी पेटी धरली, मी पाणी सोडलं. पाच मिनिटांचं काम.

धुताना मला वर्गातली मुलं आठवली. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा मी मुलांना घेऊन गावात फेऱ्या काढल्या, घोषणा दिल्या, भिंतींवर म्हणी लिहून घेतल्या. पण आपल्या घरची घाण आपल्या हाताने उचलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. सासूबाईंचं सगळं केलं तेवढंच. आपल्याकडे हे काम पिढ्यानपिढ्या ज्यांच्यावर लादलं गेलं, त्यांच्याकडे मी इतकी वर्षं फक्त फळ्यावर लिहिण्यापुरतं बघितलं. शेजारच्या गाडीतला पांढऱ्या केसांचा माणूस त्याची पेटी धूत होता, आमच्याकडे बघून हसला. इथे ते प्रत्येकाचं काम आहे.

टेकापो गाव छोटंसं, तळ्याकाठी १९३५ चं दगडी चर्च. तळ्याचं पाणी दुधात नीळ कालवल्यासारखं. बर्फाने दळलेल्या दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं, त्याने तो रंग येतो. काठाने जांभळी-गुलाबी ल्युपिनची फुलं फुललीत, लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. मीही काढला. मग पाटी वाचली. ही फुलं बाहेरून आलेली आहेत, नदीच्या गोट्यांत घुसून रान माजवतात आणि तिथे उघड्यावर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा खातात. आपल्याकडचं गाजरगवत आठवलं. एवढं सुंदर काही तणही असू शकतं, हे मनाला पटायला वेळ लागला.

टेकापोच्या आधी बर्क्स पासचा घाट आहे. सातशे मीटर उंचीचा. घाट कधी चढलो ते कळलंही नाही. हे एवढंच म्हणाले, "कुंभार्ली बघायला पाहिजे इथल्यांनी." चालू गाडीत ह्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

एकेरी पुलांवर मात्र ह्यांचा चेहरा खुलतो. लाल कडेच्या गोल पाटीवर आपल्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर आपण थांबायचं, निळ्या चौकोनी पाटीवर मोठा पांढरा असेल तर आपला मान पहिला. ह्यांनी मान आपला असतानाही दोनदा गाडी थांबवून समोरच्याला वाट दिली. समोरचा हात वर करतो, हे हात वर करतात. डिझेलची गंमतही ह्यांनी लगेच टिपून घेतली: इथे रस्त्याचा कर पंपावर डिझेलमध्ये धरत नाहीत, गाडी जेवढे किलोमीटर धावेल त्या हिशेबाने वेगळा भरायचा. वहीत रोजचे किलोमीटर लिहितात, अगदी लॉगशीटसारखे.

आज पुकाकी तळ्याच्या कडेने इथे आलो. रस्ता सरळ आओराकीकडे जातो, ३७२४ मीटर, या देशातलं सगळ्यात उंच शिखर. इथल्या माओरी लोकांची गोष्ट अशी की आओराकी हा आकाशदेवाचा मुलगा. भावांबरोबर होडीतून निघाला, होडी खडकावर अडकून कलंडली, भाऊ वरच्या बाजूला चढून बसले आणि दक्षिणेच्या थंड वाऱ्याने तिथेच दगड झाले. उलटलेली होडी म्हणजे हे बेट. प्रवासाला निघालेल्या भावंडांचे डोंगर झाले.

आणि आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

बाराच्या सुमाराला मोठा आवाज झाला. आभाळ गडगडावं तसा, पण आभाळ स्वच्छ. हे ताडकन उठून बसले. समोरच्या कड्यावरचा बर्फ तुटून खाली येत होता. आमच्यापासून लांब, भीतीचं काही नाही. पण झोप मोडली, म्हणून स्वेटर, मफलर चढवून दोघं बाहेर आलो. हा सगळा मुलूख २०१२ पासून काळोखासाठी राखलेला आहे, ४३०० चौरस किलोमीटरहून जास्त. आकाशगंगा मी आधीही बघितलेली आहे, पण अशी, पिठाची परात सांडल्यासारखी, नाही.

हे वर बघत म्हणाले, "अगं, मृग उलटा झालाय. आणि तो बघ अगस्ती, केवढा वर आलाय. आपल्याकडे पार खाली, डोंगराला चिकटून असतो."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. अगस्ती? तेहतीस वर्षांत ह्यांच्या तोंडून मी एका ताऱ्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

म्हणाले, मुक्कामी गाडी असायची ना. रात्री नऊला गावात पोचायची, पहाटे साडेपाचला परत निघायची. गावात खोली असली तर ढेकूण, म्हणून थंडी-उन्हाळ्यात टपावर सतरंजी टाकून झोपायचो. एका गावात एक म्हातारे गुरुजी रात्री तांब्याभर पाणी घेऊन यायचे आणि टपाखाली उभे राहून काठीने तारे दाखवायचे. हा व्याध, हा अगस्ती, हा त्रिशंकू. तो त्रिशंकू मार्च-एप्रिलमध्ये थोडा वेळ दिसायचा. आणि हे बघ, इथे दरीच्या तोंडाशी, डोंगराच्या वरच बसलाय.

मी शोधला. दिसला.

हे उभ्या उभ्या बोलत राहिले. कुठल्या गावच्या टपावर वारा किती, कुठे बिबट्या येऊन गाडीखाली बसला होता, कुठल्या घरातून पहाटे न मागता चहा यायचा. मी मध्ये बोलले नाही. पायांची बोटं बधिर झाली होती, तरी आत चला म्हणावंसं वाटलं नाही. आत्ता कराडला दुपारचे साडेचार झाले असतील, चहाची वेळ, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

मग ह्यांनी विचारलं, "मी मुक्कामाला असलो की तू काय करायचीस गं रात्री?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मुलांच्या वह्या तपासायचे. मग सासूबाईंचे पाय चेपायचे. पहाटे दूधवाल्याच्या आधी जाग यायची, आणि स्टँडकडून पहिली गाडी आत वळताना हॉर्न वाजला की ओळखू यायचं, तुमचा आहे की नाही ते. तुमचा दोनदा असायचा, दुसरा जरा लांब. मग चहाचं आधण ठेवायचे.

हे काही बोलले नाहीत. आत आलो, मी आलं किसून चहा टाकला, दोघांनी एकाच मगातून घेतला. दुसरा मग धुवायला पाणी खर्च करायचं नव्हतं. टाकी काट्याच्या खाली आलीय. उद्या ट्वायझेलला भरून घ्यायची, मग लिंडिस पास, ९७१ मीटर. नकाशा मी बघून ठेवलाय.